पडद्याची तपासणी आणि लेझर: थेंब घालण्याच्या दिवसाची तयारी

"आज थेंब नको घालू बाई, साडेबाराची एसटी गाठायचीय." डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य जवळजवळ रोज ऐकायला मिळतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून मिरज-सांगलीला येणाऱ्या माणसाची अडचण खोटी नसते. थेंब घातले की दुपार गेली, जवळचं वाचता येत नाही, उन्हात डोळे उघडवत नाहीत. पण थेंब टाळून केलेली पडद्याची तपासणी अर्धीच होते, आणि शुगरच्या माणसाचा आजार पुष्कळदा त्या न बघितलेल्या अर्ध्यात असतो. मग पुन्हा फेरी, पुन्हा तिकीट, पुन्हा कुणाची तरी रजा. त्यापेक्षा हा एक दिवस थेंबांच्या हिशेबानं आखलेला बरा.

थेंबांशिवाय भागत का नाही

हरिपूरला हळद साठवायची पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना लगेच कळेल. पेवाचं तोंड अरुंद, पोट मोठं. वरून डोकावलं तर सरळ खालचा तळ तेवढा दिसतो, बाजूच्या भिंती नाहीत. डोळ्याचंही तसंच. बाहुली हे तोंड आणि पडदा आतल्या भिंतीला सगळीकडून अस्तरासारखा लागलेला. त्यात बॅटरी मारली की बाहुली आणखी आकसते, दोन-तीन मिलिमीटरवर येते. म्हणजे बघायला उजेड हवा आणि उजेड टाकला की तोंड बंद व्हायला लागतं. थेंबांनी बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि उजेड पडला तरी उघडीच राहते. मग डॉक्टरांना पडद्याच्या कडेपर्यंत जाता येतं.

"गावात शिबिरात मशीनवर फोटो काढला होता, तेव्हा थेंब नव्हते घातले," असंही लोक सांगतात. बरोबर आहे. बाहुली मोठी न करता फोटो काढणारे कॅमेरे असतात आणि चाळणी लावायला ते उत्तम. पण त्या फोटोत पडद्याचा मधला भाग येतो, कडा येत नाहीत. मोतीबिंदू असेल किंवा बाहुली बारीक असेल तर फोटो धुरकट येतो. फोटोत काही सापडलं किंवा फोटोच नीट आला नाही, तर पुढची पायरी थेंबांचीच.

कुणी करून घ्यायची

मोठ्या वयात शुगर निघाली असेल तर निघाली त्याच वर्षी, आणि मग दर वर्षी. "आत्ताच तर निघालीय, लगेच डोळ्याला काय होतंय" हा हिशेब चुकतो, कारण या प्रकारची शुगर सापडण्याआधी काही वर्षं अंगात मुकाट असू शकते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांनी निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करायची. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा बघून घ्यावा. फक्त गरोदरपणातच वाढलेली शुगर असेल तर या तपासणीची गरज नसते.

दिसायला चांगलं आहे म्हणून पडदा चांगला आहे असं नसतं. मधोमधचा भाग शाबूत असेपर्यंत नजर बोर्डावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाते आणि कडेला रक्तस्राव चालू असतो.

शुगर नसलेल्यांपैकी मोठ्या मायनस नंबरचे लोक, डोळ्याला मार लागलेले, आणि डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा विजेसारख्या चमका दिसू लागलेले यांनाही थेंब लागतातच. आणि एक जण असा आहे जो स्वतः काही सांगू शकत नाही: अपुऱ्या दिवसांचं बाळ. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत बघावा लागतो. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर आणखी लवकर, विसाव्या दिवसाच्या सुमारास. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहून घ्या. "बाळ जरा अंगानं भरू दे, मग नेऊ" म्हणत थांबू नका. इथे महिनाभराचा उशीरही भरून निघत नाही.

आदल्या दिवशी

सोबत माणूस हवा. गाडी चालवणारा असेल तर उत्तम, नाहीतर एसटीची पाटी वाचणारा आणि हात धरून चढवणारा तरी. एकट्यानं मोटरसायकलवर यायचं आणि तसंच परत जायचं, हे तासगाव-पलूसकडची तरणी मंडळी सर्रास करतात. दुपारी समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेवर ऊन चमकलं की त्यांना रस्ता दिसत नाही. गाडी घरी ठेवा.

पिशवीत काय घ्यायचं ते सांगते. जुने केसपेपर आणि पडद्याचे जुने फोटो, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं तोंडपाठ सांगण्यापेक्षा पट्ट्या बऱ्या), तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट असेल तर तो, जवळचा आणि लांबचा असे दोन्ही चष्मे, काळा गॉगल, कपाळावर सावली पाडणारी टोपी किंवा पदर. सरकारी आरोग्य योजनेतून लेझर करायचं असेल तर आधार आणि रेशन कार्ड. आपलं काम योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना त्याच दिवशी विचारून घ्यायचं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर घालून येऊ नका, किंवा डबी आणा.

उपाशी यायचं नाही. का कोण जाणे, "तपासणी" म्हटलं की आपल्याकडे माणसं चहासुद्धा न पिता निघतात. शुगरची गोळी घेतलेली, पोटात काही नाही आणि रांगेत दोन-तीन तास. मग चक्कर येते ती थेंबांनी नाही, साखर उतरल्यानं. नेहमीसारखी न्याहारी करा, शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या, डबा बरोबर ठेवा. बीपीची गोळी तर चुकवूच नका. वाढलेल्या बीपीत काही प्रकारचे थेंब घालता येत नाहीत आणि लेझरही पुढं ढकलावं लागतं.

थेंब घालण्याआधी बोलून टाकायच्या गोष्टी

क्रम आधी समजून घ्या. पहिल्यांदा नजर तपासायची, मग डोळ्याचं प्रेशर, मग डॉक्टर मशीनवर डोळ्याचा पुढचा भाग आणि डोळ्याच्या आतलं पाणी निचरायची वाट अरुंद नाही ना ते बघतात. त्यानंतर थेंब. गर्दीच्या दिवशी नजर तपासायच्या आधीच कुणी बाटली घेऊन आलं तर खुशाल सांगा, "माझी नजर अजून बघायचीय." एकदा थेंब पडले की त्या दिवशीच्या वाचनावर भरवसा ठेवता येत नाही.

मग पुढचं आपणहून सांगायचं, विचारायची वाट न बघता. घरात कुणाला काचबिंदू आहे का. कधी संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून डोकं आणि डोळा दुखला का. हृदयाचा त्रास, वाढलेलं बीपी. आधी थेंबांची रिॲक्शन आली होती का. गरोदर आहात किंवा अंगावर पाजताय का. डोळ्याचं कुठलं ऑपरेशन झालं आणि आत लेन्स आहे का. म्हाताऱ्या पुरुषांनी आणखी एक: लघवी अडते म्हणून टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर तिचा उल्लेख करा. डोळ्याचा आणि लघवीचा संबंध काय, असं वाटून तात्या-आण्णा मंडळी ती लपवतात. पण त्या गोळीनं बाहुली नीट मोठी होत नाही, आणि पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना तर ते डॉक्टरांना आधी माहीत असावंच लागतं.

थेंबांआधी करायचं आणखी एक काम फारसं कुणी सांगत नाही: सही. लेझर किंवा डोळ्याची अँजिओग्राफी (पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) ठरली असेल तर संमतीपत्रावर सही लागते, आणि थेंबांनंतर तो कागद वाचता येत नाही. म्हणून कागद आधी मागून घ्या, वाचा किंवा वाचून घ्या, शंका विचारा, मग थेंब. फोनवरून पैसे भरायचे असतील, नोटा मोजायच्या असतील, घरी निरोप धाडायचा असेल तर तेही त्याआधीच उरका.

थेंब आणि थांबणं

बहुतेक ठिकाणी ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन अशी दोन औषधं एकाच बाटलीत असतात; ०.८ टक्के आणि ५ टक्के हे मिश्रण आपल्याकडे नेहमीचं. दोन कशाला? बाहुलीला दोन स्नायू असतात. एक गोल, बाहुली आवळणारा. दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा, ती ओढून उघडणारा. ट्रॉपिकामाइड पहिल्याला सैल सोडतं, फेनिलेफ्रिन दुसऱ्याला जोर देतं. हृदयाचा त्रास किंवा बीपी फार असेल तर फेनिलेफ्रिन वगळून नुसतं ट्रॉपिकामाइड घालतात. म्हणूनच मघाचं ते सगळं आधी सांगायचं.

मान मागं करा, वर बघा. मी खालची पापणी बोटानं ओढते, तिथं छोटा खळगा तयार होतो, त्यात एक थेंब. एकच पुरतो, जास्तीचे गालावरून ओघळतात, फायदा काही नाही. चुरचुरेल. डोळा गच्च आवळू नका, चोळू नका, नुसता मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं हलकासा दाबून मिनिट-दोन मिनिटं धरा. तिथून नाकात उतरणारी बारीक नळी असते. ती दाबली की औषध डोळ्यात टिकतं आणि अंगात कमी जातं. घशात कडू लागलं तर घाबरू नका, तो त्याच नळीतून उतरलेला थेंब. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा, लागलं तर आणखी एकदा.

पुरती बाहुली उघडायला अर्धा तास धरा, कधी जास्त. आपल्यासारख्या काळ्या-तपकिरी डोळ्यांत औषध रंगद्रव्याला धरून राहतं, त्यामुळे असर उशिरा होतो आणि उशिरा उतरतो. बरीच वर्षं शुगर असलेल्यांची बाहुली तर फारच हट्टी. शेजारच्याचा नंबर आधी लागला म्हणून बाकावर भांडणं होतात. त्याची बाहुली आधी उघडली, एवढंच असतं. मधेच बाहेर चहाला जाऊ नका. ऊन डोळ्यांवर घेऊन परत आलात आणि तेवढ्यात नाव पुकारून झालं, की रांग पुन्हा मागून.

असर चार ते सहा तास राहतो, काहींचा दुसऱ्या सकाळपर्यंत. लहान मुलांच्या चष्म्याचा नंबर काढायला घालतात ती औषधं वेगळी: सायक्लोपेंटोलेटचा असर दिवसभर, ॲट्रोपिनचा आठवडा ते दोन आठवडे. ॲट्रोपिन दिलं असेल तर पोराच्या वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. फळ्यावरचं जमेल, पुस्तकातलं जमणार नाही.

"लगेच उतरायचा थेंब द्या की" अशीही मागणी येते. अमेरिकेत २०२३ मध्ये त्यासाठी फेन्टोलामाइनच्या थेंबांना मान्यता मिळाली. आपल्याकडच्या ओपीडीत मात्र तसा थेंब मागून उपयोग नाही. वेळ जाऊ देणं हाच उपाय.

प्रत्यक्ष तपासणी

डॉक्टर डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून बघतात. कधी खुर्ची मागं रेलवून, कधी कॉटवर झोपवून. वर बघा, उजवीकडे, खाली उजवीकडे, असे आठही दिशांना डोळे फिरवायचे. डोकं नाही, डोळे. कडेचा भाग बघायला पापणीवरून बारीक दांडीनं दाबतात. दाब जाणवतो, इजा होत नाही. मग मशीनवर हनुवटी टेकवून मधला भाग. प्रकाश प्रखर असतो, संपल्यावर काही मिनिटं सगळं गुलाबी-जांभळं दिसतं. तेवढा वेळ बसून राहा, मग उठा.

पडद्यावर सूज वाटली तर ओसीटी काढतात. तो फोटोच, टोचणं नाही. अँजिओग्राफीत मात्र हाताच्या शिरेतून पिवळं औषध देतात. काहींना क्षणभर मळमळतं, त्वचा पिवळसर दिसते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी नारिंगी-पिवळी होते. काविळीचं समजून घरच्यांनी गोंधळ घालू नये म्हणून आधीच सांगून ठेवा. दमा, ॲलर्जी असेल तर सुई टोचायच्या आधी बोला.

लेझरचा दिवस

लेझर म्हटलं की प्रत्येकाच्या मनात वेगळंच येतं. चष्मा घालवणारं लेझर हे नव्हे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्या-वर्षांनी लेन्समागे येणारी जाळी कापायचं लेझरही वेगळं. त्यालाही बाहुली मोठी करतात, पण काम पाच-दहा मिनिटांत होतं आणि नजर पुन्हा उजळते. काचबिंदूसाठी बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला बारीक छिद्र पाडायचं लेझर तर उलटंच: त्याला पिलोकार्पिनचे थेंब घालून बाहुली बारीक करतात. म्हणून शेजारणीला काय झालं यावर आपला अंदाज बांधू नका.

शुगरच्या पडद्याचं लेझर असं काम करतं. रक्तपुरवठा तुटलेला पडदा ऑक्सिजनसाठी हाकाटी करतो आणि नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा संदेश सोडतो. उगवतात त्या कच्च्या, फुटक्या; त्यांतून डोळ्यात रक्त सांडतं, नाहीतर त्या पडदा ओढून सोडवतात. लेझरनं कडेच्या भागावर ठिपके देऊन तिथली ऑक्सिजनची मागणीच कमी केली की त्या वाहिन्या सुकायला लागतात. मधला, वाचायच्या कामाचा भाग वाचवायला कडेचा थोडा भाग द्यायचा, असा हा सौदा. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं १९७६ मध्येच दाखवून दिलं की यानं नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो. आता डोळ्यातली इंजेक्शनं आली आहेत आणि सूज असेल तर तीच आधी देतात. पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि दर महिन्याला येणं ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी लेझर फार भरवशाचं.

त्या दिवशी थेंब तेच, वर भूल देणारा एक थेंब. मशीनवर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला चिकटवायचं. डोळ्यावर जेल लावून काचेचं भिंग बसवतात, त्यामुळे पापणी मिटत नाही. हिरव्या उजेडाचे झटके सुरू होतात, टक्-टक्-टक्. एका डोळ्याला जुन्या पद्धतीनं साधारण १२०० ते १६०० ठिपके लागतात, नव्या मशीनवर त्याहून जास्त. ते दोन-तीन बैठकांत वाटून देतात. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं. मधे टोचल्यासारखं होतं, दोन्ही कडांना जरा जास्त, कारण नसा तिथूनच जातात. फार दुखलं तर तोंडानं सांगा, किंवा आधी ठरवून हात वर करा. डोकं मागं ओढू नका आणि उजेडाकडे वळून बघू नका. डॉक्टरांनी सांगितलं तिकडेच दुसरा डोळा रोखून धरा. खोकला येतोय असं वाटलं तरी आधी सांगा, ते थांबतात.

पडद्याला भोक किंवा चीर पडली असेल तर तिच्याभोवती कुंपणासारखे ठिपके देतात. ते पक्कं धरायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तोवर डॉक्टर सांगतील तसं जपायचं.

लेझरनंतर लोक रागावतात ते एकाच गोष्टीवर: "लेझर मारलं आणि आधीपेक्षा अंधुकच झालं." पहिले काही तास डोळा दिपलेला असतो, अंधारी वाटते. काही दिवस, कधी काही आठवडे, धूसर राहू शकतं. रात्री दिसणं आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, तेही कायमचं. हे लेझर नजर वाढवायला नसतंच, आहे ती राखायला असतं. हे आधी नीट सांगितलं जात नाही, मग माणूस पहिल्या बैठकीनंतर फिरकतच नाही. आणि अर्धवट लेझर झालेला डोळा घेऊन वर्षभरानं येतो तेव्हा आत रक्त साकळलेलं असतं. दुसऱ्या बैठकीची तारीख पहिलीच्याच दिवशी लिहून घ्या. ऊसतोड, द्राक्षाची छाटणी, घरातलं लग्न काही आडवं येत असेल तर त्याच वेळी सांगून तारीख बदलून घ्या.

घरी गेल्यावर

गॉगल, सावली, आराम. डोळ्याला पट्टी नसते. डोक्यावरून पाणी घ्यायला हरकत नाही, ती बंदी ऑपरेशनची. वांगं, आंबट, तिखट यांचं पथ्य नाही. पथ्य आहे ते शुगरचं, आणि ते रोजचंच. भुलीचा थेंब घातला असेल तर अर्धा-पाऊण तास डोळा चोळू नका, कारण ओरखडा पडला तरी कळणार नाही.

त्या दिवशी कडबाकुट्टीवर बसायचं नाही, बागेत फवारणीची औषधं मोजायची नाहीत, शिडीवर चढायचं नाही. आणि संध्याकाळचं इन्सुलिन दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायचं. सिरिंजवरच्या बारीक रेघा तुम्हाला दिसणार नाहीत. लाल टोपणाची ४० ची सिरिंज आणि नारिंगी टोपणाची १०० ची यांतही गल्लत होऊ शकते. घरात कुणी नसेल तर दवाखान्यातून निघायच्या आधी सिस्टरना विचारा, काय करायचं ते त्या सांगतील.

कधी थांबायचं नाही

अरुंद वाट असलेल्या डोळ्यात थेंबांनी प्रेशर एकदम चढू शकतं. हे क्वचित घडतं, पण घडतं ते बहुधा दवाखान्यात नाही; बाहुली पुन्हा बारीक व्हायला लागते तेव्हा, म्हणजे तुम्ही घरी पोचल्यावर. डोळा लाल होऊन ठणकणं, त्याच बाजूचं डोकं फुटल्यासारखं दुखणं, दिव्याभोवती वलयं, उलट्या: यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. उलट्या आहेत म्हणून पित्ताची गोळी देऊन झोपवतात, आणि डोळा तिथंच जातो. लेझरनंतर डोळ्यापुढे लालसर-काळी जाळी तरंगू लागली, चमकांचा पाऊस सुरू झाला किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली आली तरी तोच नियम. ज्या दवाखान्यात थेंब घातले तिथला रात्रीचा फोन नंबर केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, म्हणजे सोबतच्या माणसाला तो सापडेल. फोन लागला नाही तर सिव्हिलचा अपघात विभाग गाठा, रात्र असली तरी. गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच सांगा: "आज डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते."